‘रिझाइन’ की ‘री-साइन’? इंग्रजी लिहिताना हायफन कुठे द्यायचा, कुठे नाही

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका रविवारी सकाळी सेक्रेटरींचा इंग्रजी निरोप आला. आर्किटेक्टने पुनर्विकासाच्या नकाशात थोडे फेरफार केलेत, म्हणून चेअरमनसाहेब सोमवारी... आणि पुढे एक क्रियापद. आर, ई, एस, आय, जी, एन. सेक्रेटरींना म्हणायचं होतं की चेअरमन नव्या नकाशांवर पुन्हा सही करतील. ग्रुपने वाचलं की चेअरमन राजीनामा देतील. दहा मिनिटांत दोघांनी ‘तुमच्या काळात खूप कामं झाली’ असं लिहून हात जोडले, एकाने ‘उशिरा का होईना’ लिहिलं आणि लगेच डिलीट केलं, तळमजल्यावरच्या काकांनी आपण जबाबदारी घ्यायला तयार असल्याचं कळवलं. चेअरमन स्वतः तेव्हा भाजी आणायला गेले होते.

ई आणि एस यांच्यामध्ये एक बारीक आडवी रेघ घातली असती, तर हे काहीच झालं नसतं. त्या रेघेला आपल्या व्याकरणात संयोगचिन्ह म्हणतात. बोलताना सगळे हायफनच म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणतो.

माझं रोजचं काम लोकांची इंग्रजी पत्रं, नोटिसा, कोटेशनं तपासून देण्याचं. हायफनच्या चुका दोन्ही बाजूंनी होतात. जिथे हवा तिथे नसतो, आणि जिथे नको तिथे हौसेने पेरलेला असतो. दुसरी चूक जास्त दिसते, पण पहिली जास्त नडते. खाली ज्या क्रमाने मी स्वतः कागद तपासतो, त्याच क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: शब्द देवनागरीत लिहून बघा

ही युक्ती मराठी माणसाला आयती मिळाली आहे. इंग्रजी स्पेलिंग उच्चार लपवतं, देवनागरी तो उघडा पाडते. एकाच स्पेलिंगची देवनागरीत दोन वेगळी रूपं होत असतील, तर तिथे थांबायचं.

‘राजीनामा’ या अर्थी आपण रिझाइन लिहितो. ‘पुन्हा सही’ या अर्थी री-साइन. अक्षरं तीच, पण एकीकडे झ, दुसरीकडे स. ‘पुन्हा’ हा अर्थ असला की ‘री’ लांब आणि ठसठशीत उच्चारला जातो आणि त्यापुढचा शब्द आपला मूळ उच्चार सोडत नाही. ‘साइन’ हा ‘साइन’च राहतो. अर्थ मुरून गेला असेल, तर ‘रि’ आखूड होतो आणि मधला स बऱ्याचदा झ होतो.

याच साच्यातले आणखी तीन बघा. रिझेंट म्हणजे मनात डूख धरणे, री-सेंट म्हणजे पुन्हा पाठवलं. ‘तुमचा मेल मी काल री-सेंट केला’ असं लिहिताना हायफन गळला, तर समोरच्याला वाटेल की याला आपल्या मेलचा राग आलाय. रिझर्व्ह म्हणजे राखून ठेवणे, री-सर्व्ह म्हणजे पुन्हा वाढणे. केटररच्या करारात दोन्ही येऊ शकतात. रिझॉर्ट म्हणजे लोणावळ्याचं किंवा कळंगुटचं, री-सॉर्ट म्हणजे एक्सेलमधली यादी पुन्हा क्रमाने लावणे.

कधी झ-स चा फरक नसतो, पण स्वर बदलतो. रेक्रिएशन म्हणजे करमणूक, विरंगुळा. विकास आराखड्यात ज्याला आरजी प्लॉट म्हणतात, त्यातला आर हाच. री-क्रिएशन म्हणजे एखादी गोष्ट पुन्हा घडवून दाखवणं, जसं पोलीस गुन्ह्याचा प्रसंग पुन्हा उभा करतात. रेकलेक्ट म्हणजे आठवणे, री-कलेक्ट म्हणजे पुन्हा गोळा करणे. वर्गणीच्या संदर्भात हा फरक बारीक नाही: खजिनदार ‘गेल्या वर्षीची वर्गणी आठवतोय’ आणि ‘गेल्या वर्षीची वर्गणी पुन्हा मागतोय’ यात पैशाचा फरक आहे.

आपल्याकडे हे काम वेलांटी आणि उकार करतात. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. शाळेत ऱ्हस्व-दीर्घासाठी मार खाल्लेल्यांना इंग्रजी हायफन समजायला अडचण येऊ नये.

दुसरी पायरी: शब्दाला सांधा आहे का?

देवनागरीत दोन रूपं झाली, म्हणून लगेच हायफन घालायचा नाही. आर ई ए डी हे स्पेलिंग वर्तमानकाळात रीड, भूतकाळात रेड. एल ई ए डी हे पुढारपणाच्या अर्थी लीड, शिसं या धातूच्या अर्थी लेड. इथे हायफनचा काही उपयोग नाही, कारण शब्दाचे दोन तुकडे पडतच नाहीत. हायफन फक्त तिथे चालतो जिथे पुढे एक उपसर्ग आणि मागे एक स्वतंत्र शब्द आहे. सांधा नसेल तर वाक्यच बदलावं लागतं.

तिसरी पायरी: हायफन काढला तर दुसरा शब्द तयार होतो का?

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि घाईत सुटते तीही हीच. ‘पुन्हा’चा प्रत्येक ‘री’ हायफन मागत नाही. रीराइट, रीओपन, रीबिल्ड, रीडेव्हलपमेंट, रीव्हॅल्युएशन हे शब्द इंग्रजीत सलग लिहितात. त्यांच्यासारखा दिसणारा दुसरा शब्दच नाही, मग गोंधळ कोणाशी व्हायचा? तरी आपल्याकडच्या नोटिसांत ‘रीडेव्हलपमेंट’ला हटकून हायफन असतो. चूक भयंकर नाही, पण अशा ठिकाणी दहा वेळा हायफन दिसल्यावर, अकराव्या ठिकाणी जिथे तो खरंच काहीतरी सांगतोय तिथे वाचणाऱ्याचं लक्ष जात नाही.

हायफन काढल्यावर दुसराच, चालू वापरातला शब्द तयार होत असेल, तर मात्र तो सोडायचा नाही. माझ्याकडे येणाऱ्या कागदांत वारंवार दिसणारे काही सांगतो.

रिलीज आणि री-लीज. मालमत्तेच्या कागदांत याहून धोक्याची जोडी मला ठाऊक नाही. ‘रिलीज डीड’ म्हणजे हक्कसोडपत्र. भावाने बहिणीच्या नावे, बहिणीने भावाच्या नावे हिस्सा सोडला की हेच होतं. ‘री-लीज’ म्हणजे जागा पुन्हा भाडेपट्ट्याने देणं. एका गाळामालकाने भाडेकरूला इंग्रजीत लिहिलेलं पत्र माझ्यासमोर आलं होतं: ‘मुदत संपल्यावर गाळा तुम्हालाच’ आणि पुढे हे क्रियापद, बिनहायफनचं. म्हणायचं होतं पुन्हा भाड्याने देऊ. वाचलं जात होतं की गाळा तुमच्या हवाली करून मोकळा होतो. इथे देवनागरी कसोटी जरा लंगडी पडते, कारण फरक फक्त री लांब की आखूड एवढाच. म्हणून तिसरी पायरी हवी. कोर्टात अर्थ संदर्भावरून लावतातही, पण तोवर वकिलाची फी गेलेली असते. अशा कागदात मी हायफनवरही भिस्त ठेवत नाही. त्याबद्दल शेवटी.

रेप्रेझेंट आणि री-प्रेझेंट. पहिला म्हणजे प्रतिनिधित्व करणे. दुसरा बँकेतला: परत आलेला चेक पुन्हा वटवायला टाकणे. चेकची मुदत 1 एप्रिल 2012 पासून सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली, त्यामुळे तो पुन्हा टाकायचा तर त्या मुदतीत टाकावा लागतो आणि तसं आधी कळवणारी पत्रं घाईघाईत लिहिली जातात. घाईत हायफन सुटला की वाक्य होतं, ‘मी तुमच्या चेकचं प्रतिनिधित्व करीन.’

रिकव्हर आणि री-कव्हर. सोफ्याला नवं कापड चढवणाऱ्याने बिलात ‘सोफा’ लिहून पुढे बिनहायफनचं ‘रिकव्हर्ड’ लिहिलं, की सोफा चोरीला गेला होता आणि सापडला असं होतं. आजारातून उठला असंही वाचता येईल. ‘रिकव्हरी’ म्हणजे वसुली हे तर आपल्याकडे इतकं रुळलंय की वसुलीवाले आले, हे सांगायलाही तोच शब्द.

रिमार्क आणि री-मार्क. रिमार्क म्हणजे शेरा. प्रगतिपुस्तकात त्याचा रकानाच असतो. री-मार्क म्हणजे उत्तरपत्रिका पुन्हा तपासून गुण देणं. विद्यापीठाला अर्ज करताना सरळ ‘रीव्हॅल्युएशन’ लिहावं, छापील अर्जात तोच शब्द असतो.

बाकीचे झटपट. रिफॉर्म म्हणजे सुधारणे, री-फॉर्म म्हणजे पुन्हा स्थापन करणे. बरखास्त झालेली समिती पुन्हा नेमली तर ती ‘री-फॉर्म्ड’ असते, सुधारलेली असेलच असं नाही. रिले म्हणजे शर्यत किंवा पुढे पोचवणे, री-ले म्हणजे फरशी किंवा पाइप पुन्हा बसवणे. रिट्रीट म्हणजे माघार, री-ट्रीट म्हणजे पेस्ट कंट्रोलवाल्याने पुन्हा येऊन फवारणं. रिप्रेस म्हणजे दडपणे, री-प्रेस म्हणजे शर्टाला परत इस्त्री. रिस्ट्रेन म्हणजे आवर घालणे, री-स्ट्रेन म्हणजे चहा पुन्हा गाळणे, पण हे वाक्य इंग्रजीत लिहायची वेळ कोणावर येते कोण जाणे.

‘री’ सोडून दुसऱ्या उपसर्गांतही हे होतं. शास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असलेली जुनी गंमत अशी: एका स्पेलिंगचे दोन उच्चार, युनियनाइज्ड आणि अन-आयोनाइज्ड. कामगार नेत्याला पहिला दिसतो, रसायनवाल्याला दुसरा. दुसऱ्याला हायफन द्यायचा.

‘को’चं प्रकरण

महाराष्ट्रात राहून ‘को’ टाळता येत नाही. सहकारी संस्थेचा आखूड शब्द ‘को-ऑप’. हायफन काढा, इंग्रजीत ‘कूप’ होतो, म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. (मराठीतही कूप म्हणजे विहीर, आणि तिच्यात बेडूक असतो, कोणत्याही भाषेत या संस्थांची सुटका नाही.) म्हणून आखूड रूपाला हायफन हवाच.

पूर्ण शब्दाचं काय? तिथे दोन्ही चालतात, आणि आपल्या सरकारी कागदांतही दोन्ही आहेत. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या इंग्रजी नावात हायफन आहे. 97 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत सहकारी संस्थांवरचा जो भाग घातला, त्यातही आहे. जुलै 2021 मध्ये केंद्रात सहकार मंत्रालय झालं, त्याच्या इंग्रजी नावात मात्र नाही. चूक कोणाचीच नाही. पूर्ण शब्द लांब असतो, त्यात खुराडं दिसत नाही.

पण स्वतःच्या संस्थेचं नाव लिहिताना आवडनिवड नको. नोंदणी प्रमाणपत्रावर ते जसं छापलंय तसंच लिहा, हायफनसकट किंवा हायफनशिवाय. बँक आणि पॅनकार्डावरचं नाव जुळवताना काउंटरवरचा माणूस व्याकरण बघत नाही, अक्षरं बघतो.

कमिटीवर सदस्य सामावून घेतात त्याला ‘को-ऑप्ट’ म्हणतात, तिथेही हायफन ठेवा. ‘को-वर्कर’चं हायफनशिवाय ‘काऊ’ दिसू लागतं, त्यावर इंग्रज स्वतःच विनोद करतात. आणि कोर्टाच्या कामात एक जोडी: ‘को-रिस्पाँडंट’ म्हणजे सहप्रतिवादी, त्यात हायफननंतर एकच आर. ‘करस्पाँडंट’ म्हणजे बातमीदार, त्यात दोन आर. घटस्फोटाच्या अर्जात बातमीदार घुसला तर भलतीच बातमी होईल.

दोन स्वर शेजारी आले की, म्हणजे री-इलेक्ट, प्री-एम्प्ट अशा शब्दांत, ब्रिटिश वळणाचे लोक हायफन देतात, अमेरिकन वळणाचे हल्ली देत नाहीत. एकूण वाराच हायफन गळण्याच्या दिशेने वाहतोय. 2007 मध्ये शॉर्टर ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या सहाव्या आवृत्तीतून सुमारे 16,000 शब्दांचे हायफन काढले. त्या यादीवरून ‘आता हायफन जुनाट झाला’ असं कोणी म्हणालं, तर मानू नका. जिथे अर्थ बदलतो तिथले हायफन कोणी काढत नाही. तुम्ही एक वळण धरा आणि एका कागदात तेच ठेवा.

चौथी पायरी: नामाआधीची जोडगोळी

उपसर्ग संपले, आता दोन शब्दांची जोडी. दोन शब्द मिळून पुढच्या नामाचं एकच विशेषण होत असतील, तर त्यांना हायफनने बांधायचं. न बांधल्यास वाचणारा भलतीकडे जोडणी करतो.

उत्तम उदाहरण आपल्या खिशात आहे. ‘टू हंड्रेड रुपी नोट्स’. हायफन ‘हंड्रेड’ आणि ‘रुपी’मध्ये दिला, तर शंभराच्या दोन नोटा, एकूण दोनशे रुपये. तिन्ही शब्द हायफनने बांधले, तर दोनशेच्या नोटा, किती ते सांगितलेलं नाही. दोनशेची नोट रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2017 मध्ये आणली, त्याआधी हा घोळ शक्यच नव्हता. कॅशियरला चिठ्ठी लिहिताना मी आकडेच लिहितो.

‘ट्वेंटी-ऑड मेंबर्स’ म्हणजे वीसेक सभासद. हायफन काढला की वीस विक्षिप्त सभासद. सभेच्या इतिवृत्तात हे लिहिणाऱ्याने दुसरा अर्थ मनात ठेवला नव्हता असं मी छातीठोक सांगू शकत नाही. ‘ओल्ड फर्निचर डीलर’मध्ये पहिले दोन शब्द बांधले तर फर्निचर जुनं, नाही बांधले तर डीलर म्हातारा.

याला दोन अपवाद पाठच करा. जोडी नामानंतर आली तर हायफन सहसा गळतो: ‘वेल-नोन सिंगर’मध्ये आहे, ‘द सिंगर इज वेल नोन’मध्ये नाही. आणि पहिला शब्द ‘ली’ने संपणारं क्रियाविशेषण असेल, जसं ‘न्यूली’ किंवा ‘हायली’, तर हायफन द्यायचाच नाही. तो ‘ली’च पुढच्या शब्दाला धरून ठेवतो.

ऑफिसमधली एक सवयही मोडायला हवी. ‘फॉलो-अप’ हे नाम असेल तर हायफन, क्रियापद असेल तर दोन सुटे शब्द. ‘काइंडली फॉलो-अप’ असं हायफन घालून लिहिलेले मेल रोज येतात. तिथे ‘फॉलो’ हे क्रियापद आहे, हायफन काढा. ‘चेक-इन’, ‘साइन-अप’, ‘बॅक-अप’ यांनाही हीच मोजपट्टी.

पाचवी पायरी: टाइप करताना

हायफनची कळ शून्याच्या शेजारी असते. त्याच्या मागेपुढे जागा सोडायची नाही. वर्डमध्ये दोन्ही बाजूंनी जागा सोडली, तर प्रोग्राम आपणहून त्याचा लांब डॅश करतो, आणि मग ते एका शब्दाचे सांधे न राहता वाक्यातला विराम होतो.

स्पेलचेकवर विसंबू नका. राजीनाम्याचा शब्द त्याच्या दृष्टीने अचूकच आहे, तो लाल रेघ का मारेल? म्हणून कागद पूर्ण झाल्यावर मी शोधाच्या चौकटीत रिझाइन, रिलीज, रिकव्हर, रेप्रेझेंट, रिझेंट हे पाच शब्द इंग्रजी स्पेलिंगने एकेक करून टाकतो. सापडेल तिथे थांबून विचारतो, इथे ‘पुन्हा’ म्हणायचंय का? दोन मिनिटांचं काम आहे.

आणखी एक खोडी ओळीच्या शेवटी होते. छापील मजकुरात जागा पुरली नाही की लांब शब्द हायफन देऊन तोडतात. तुमचा ‘री-साइन’ नेमका तिथे आला, तर ‘री-’ वरच्या ओळीत, ‘साइन’ खालच्या, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हा जागेसाठीच तोडलाय, मूळ शब्द सलग आहे. म्हणजे पुन्हा राजीनामा. वर्डमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट दाबून हायफन टाइप केला, तर तो न तुटणारा हायफन होतो, अख्खा शब्द एकाच ओळीत राहतो. अरुंद रकान्याच्या पत्रकात हे जरूर करा. आपोआप तोडणारी यंत्रं तर लेजंडचा ‘लेग-एंड’ आणि मॅनस्लॉटरचा ‘मॅन्स-लाफ्टर’ करून ठेवतात: एकीकडे दंतकथेचा पाय, दुसरीकडे मनुष्यवधात हशा.

शेवटची पायरी: शब्दच बदला

आता ते राहिलेलं. ज्या कागदावर पैसे, मालकी किंवा पद अवलंबून आहे, तिथे हायफनवर विसंबून राहणं मला पटत नाही. फोटोकॉपीत ती रेघ पुसट होते. दुसऱ्या प्रोग्राममध्ये कॉपी करताना कधी गायब होते. फोनवर वाचून दाखवताना कोणी ‘हायफन’ म्हणत नाही. तिथे ‘पुन्हा सही करणे’साठी सरळ ‘साइन अगेन’ लिहावं. ‘री-लीज’ऐवजी ‘रिन्यू द लीज’. ‘री-प्रेझेंट’ऐवजी ‘प्रेझेंट द चेक अगेन’. दोन शब्द जास्त जातात, पण त्यांचा दुसरा अर्थ कोणी काढू शकत नाही. रोजच्या मेलमध्ये, बातमीत, जाहिरातीत मात्र हायफन पुरतो आणि शोभतोही.

आमच्या सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी खुलाशाचा निरोप टाकला. मला विचारूनच टाकला, त्यामुळे त्यात स्वच्छ ‘साइन अगेन’ होतं. पाच मिनिटांनी तळमजल्यावरच्या काकांचा प्रश्न आला: ‘अगेन म्हणजे? आधीच्या सहीला काय झालं होतं?’